टेलरला परत बोलावलं ते दान होतं का? वानखेडे १९८० चं एक प्रकरण

फेब्रुवारी १९८०, वानखेडे स्टेडियम, भारत विरुद्ध इंग्लंड. अंपायरने आऊट दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला आपल्या कॅप्टनने परत बॅटिंगला बोलावलं, ती ही मॅच. बीसीसीआयला पन्नास वर्षं झाली म्हणून खास ठेवलेली एकच टेस्ट, सिरीज वगैरे काही नाही (बोर्डाची स्थापना १९२८ ची, म्हणजे सोहळा जरा उशिरानेच, पण आपल्याकडे ते चालतं). इंग्लंडची टीम ऑस्ट्रेलियात ३-० मार खाऊन मुंबईत उतरलेली, कॅप्टन माइक ब्रेअर्ली. आपली टीम त्याच सीझनला घरी आधी ऑस्ट्रेलियाला आणि मग पाकिस्तानला हरवून एकदम फॉर्मात. गावसकरने कॅप्टन्सी सोडल्यामुळे ती गुंडप्पा विश्वनाथकडे आली होती, पाकिस्तानविरुद्धची कोलकात्याची शेवटची टेस्ट त्याने ड्रॉ केली आणि कॅप्टन म्हणून ही त्याची दुसरी. माणूस कर्नाटकचा पण गावसकरची बहीण केलेली, म्हणजे तसा मुंबईचा जावईच. त्यात गंमत म्हणजे मुंबईने रणजी सलग पंधरा वर्षं जिंकल्यावर १९७३-७४ ला ती साखळी तोडली कर्नाटकनेच, आणि त्या टीममध्ये विश्वनाथ होता. असो.

मॅच १५ तारखेला सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी सुट्टी, कारण १६ फेब्रुवारीला सूर्यग्रहण होतं आणि रेस्ट डे मुद्दाम त्या दिवशी घेतला. हे प्रकरणाशी संबंधित नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

झालं काय ते आधी सरळ सांगतो

पहिल्या इनिंगमध्ये आपण २४२ ला ऑलआऊट. इयन बोथमने सहा काढल्या. मग इंग्लंड बॅटिंगला आली आणि बघता बघता ५ बाद ५८. कपिल देव आणि करसन घावरी बॉल हलवत होते, मॅच आपल्या खिशात असल्यासारखी. तेव्हा बोथमच्या जोडीला आला बॉब टेलर, अडतीस वर्षांचा विकेटकीपर, बॅटिंग बेताचीच पण माणूस चिवट. ही जोडी टिकायला लागली, आणि मग कपिलच्या एका बॉलवर टेलर चकला, बॉल कीपर किरमाणीच्या ग्लव्हजमध्ये, जोरात अपील, अंपायर हनुमंत राव यांचं बोट वर. टेलर जागेवरच घुटमळला, कारण त्याच्या मते बॅट लागलीच नव्हती.

इथपर्यंत काहीच वेगळं नाही, असं दर मॅचमध्ये होतं, बॅट्समन मान हलवत पॅव्हेलियनमध्ये जातो, चार दिवस कुरकुर करतो आणि विषय संपतो. पण फर्स्ट स्लिपला, म्हणजे कीपरच्या अगदी शेजारी, स्वतः विश्वनाथ उभा होता आणि त्यालाही टेलरइतकीच खात्री होती की बॅट आणि बॉलचा काही संबंध आलेला नाही. तो अंपायरकडे गेला, बोलला, आणि दिलेला निर्णय मागे घ्यायला लावला. टेलर परत क्रीजवर.

पुढचं सगळं स्कोअरकार्डवर आहे. बोथम-टेलर जोडीने सहाव्या विकेटसाठी १७१ केल्या. बोथम ११४, टेलर ४३. इंग्लंड २९६, म्हणजे ५४ चा लीड. घावरीने पाच विकेट काढल्या तरी उपयोग झाला नाही, कारण दुसऱ्या इनिंगमध्ये बोथमने सात काढल्या आणि आपण १४९ ला गारद, कपिल एकटा ४५ वर नॉटआऊट उभा. इंग्लंडने बिनबाद ९८ करून दहा विकेटने मॅच मारली. पुरुषांच्या टेस्टमध्ये एकाच मॅचला शतक आणि दहा विकेट असा पराक्रम पहिल्यांदा झाला तो हा, बोथमच्या एकूण तेरा विकेट. आणि ज्या टेलरला परत बोलावलं त्याने विकेटच्या मागे मॅचमध्ये दहा कॅच घेतले. म्हणजे जखमेवर मीठ म्हणतात ते अगदी रीतसर चोळून झालं.

विश्वनाथला पुन्हा कधी कॅप्टन्सी मिळाली नाही. काही लोक त्याचा संबंध या निर्णयाशी जोडतात, मला ते ओढूनताणून वाटतं, गावसकर परत तयार झाला की कॅप्टन्सी त्याच्याकडे जाणार हे उघडच होतं.

दोन गोष्टी सांगितल्या जातात, दोन्ही मला पटत नाहीत

आपल्याकडे क्रिकेटमधल्या नीतीचा विषय निघाला की हे प्रकरण हमखास येतं आणि ते दोनच पद्धतीने येतं. एक गट म्हणतो, काय मोठ्या मनाचा माणूस, कर्णासारखा, समोरच्याला विकेट देऊन टाकली. दुसरा गट, आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हा गट जास्त भेटतो, तो म्हणतो की विशीने, म्हणजे विश्वनाथने, मॅच घालवली, एवढा मोठेपणा हवाय कशाला, इंग्लंडवाले आपल्याला कधी बोलवणार होते का परत. खडूसपणा हा मुंबई क्रिकेटचा धर्म, विकेट फुकट द्यायची नाही आणि घेतलेली सोडायची नाही, त्यामुळे या दुसऱ्या गटाचं दुखणं मला कळतं.

पण गंमत बघा, दोन्ही गट एकच गोष्ट गृहीत धरून चाललेत, की विश्वनाथने काहीतरी दिलं. एक म्हणतो छान केलं दिलं ते, दुसरा म्हणतो द्यायचं नव्हतं. माझं म्हणणं असं की त्याने दिलं काहीच नाही, कारण ते आपलं नव्हतंच. वाण्याने सुट्टे देताना पन्नासच्या जागी चुकून पाचशेची नोट हातात ठेवली आणि आपण ती परत केली तर त्याला कोणी दानधर्म म्हणत नाही. टेलर आऊट नव्हता. तो आऊट नाही हे विश्वनाथला माहीत होतं. मग त्याने जे केलं त्याला प्रामाणिकपणा म्हणायचं, उदारपणा नाही, आणि हे दोन वेगळे आहेत हे एकदा डोक्यात बसलं की या प्रकरणातले बरेचसे वाद आपोआप सुटतात असं मला वाटतं. सगळे नाही सुटत, ते पुढे येतंच.

कोणाला काय दिसत होतं

ही गोष्ट सांगताना लोक पात्रं ठरवून टाकतात, विश्वनाथ हिरो, मग बाकीचे कोण? कपिल आणि किरमाणीने अपील केलं म्हणजे ते खोटं बोलले का? अजिबात नाही. बॉलर फॉलो-थ्रूमध्ये असतो, पुढे कलंडलेला, त्याला कड लागली की बॅट पॅडला घासली हे आवाजावरूनच ठरवावं लागतं. कीपरची नजर बॉलवर खिळलेली, बॅटवर नाही. अंपायर बावीस यार्डांवर, समोरून बघतोय, त्याच्याकडे एक आवाज, बॉलची दिशा बदलल्याचा भास आणि क्षणभराचा वेळ. फर्स्ट स्लिपला मात्र अँगल मिळतो, बॅटच्या कडेशेजारून बॉल जाताना त्या दोघांमधली फट दिसते. १९८० ला ना रिप्ले ना कडेचा आवाज पकडणारं स्निको, मैदानावरचा त्यातल्या त्यात चांगला कॅमेरा म्हणजे फर्स्ट स्लिपचे डोळे. त्यामुळे चौघांनी चार वेगळ्या गोष्टी पाहिल्या आणि चौघंही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात.

म्हणजे इथे व्हिलन कोणीच नाही. आणि म्हणूनच मला हे प्रकरण फिक्सिंगबिक्सिंगच्या प्रकरणांपेक्षा जास्त अभ्यासाचं वाटतं, कारण पैसे घेऊन नोबॉल टाकणं चूक आहे हे शेंबडं पोरही सांगेल, त्यात विचार करायला काही नाही, पोलिसांचं काम आहे ते. इथे विश्वनाथने नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहणं हा काही गुन्हा नव्हता, नियमभंगही नव्हता, कोणाला कळलंही नसतं.

तर मग गप्प राहणं कितपत वाईट? क्रिकेटमध्ये या जातीच्या तीन गोष्टी आहेत आणि लोक त्यांची भेळ करतात. पहिली म्हणजे बॅट्समनने कड लागलेली असूनही उभं राहणं, अंपायरकडे बघत. यावर जगभर दोन मतं आहेत आणि मुंबईत तर एकच आहे, की अंपायरचं काम अंपायरने करावं. मला हे खपण्यासारखं वाटतं, कारण बॅट्समन काही दावा करत नसतो, तो फक्त निर्णयाची वाट बघत असतो. दुसरी म्हणजे आऊट नाही हे पक्कं माहीत असताना बोंबलून अपील करणं. हे सरळ खोटं बोलणं आहे, आपल्या भाषेत रडीचा डाव. २००० साली क्रिकेटच्या नियमांना जी खिलाडूवृत्तीची प्रस्तावना जोडली, कॉलिन काउड्री आणि टेड डेक्स्टर यांच्या पुढाकाराने, तिच्यात हे स्पष्ट लिहिलं होतं की बॅट्समन आऊट नाही हे माहीत असताना अपील करणं खेळाच्या वृत्तीविरुद्ध आहे.

विश्वनाथची अवस्था या दोन्हींच्या मधली, तिसरी. अपील होऊन गेलंय, टीममधल्या दोघांनी ते मनापासून केलंय, अंपायरने मान्य केलंय, आणि आता तुझ्या एकट्याच्या लक्षात आलंय की चूक झाली. तू काही खोटं बोललेला नाहीस. पण तू कॅप्टन आहेस, अपील टीमचं असतं आणि टीमच्या वतीने बोलणारा तू. गप्प राहिलास तर तो दावा तुझा होतो. पहिल्या प्रकारातला बॅट्समन गप्प राहतो तेव्हा निर्णय अजून व्हायचा असतो, इथे चुकीचा निर्णय होऊन गेलाय, त्याचा फायदा तुझ्या खात्यात जमा होतोय आणि तो रोखायचा अधिकार तुझ्याच हातात आहे. म्हणून मला हे तिसरं गप्प राहणं दुसऱ्याच्या जास्त जवळचं वाटतं. कोणाला नाही वाटणार, चालेल.

ती विकेट कपिलची होती ना पण

कट्ट्यावरचा हा सगळ्यात तगडा मुद्दा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उन्हात धावत येऊन बॉल टाकला कपिलने, कॅच घेतला किरमाणीने, आणि सोडून देणारा हा कोण? स्वतःच्या खिशातून दानधर्म कर, दुसऱ्याच्या का?

मुद्दा बिनतोड आहे, पण उदारपणाच्या बाबतीत. दुसऱ्याच्या घामाचं दान करायचा हक्क कॅप्टनला नाही, हे मी मान्य करतो, करायचंच असेल तर आधी विचारावं लागेल. पण विकेट खरोखर पडलेलीच नसेल तर कपिलची विकेट म्हणून काही अस्तित्वातच नाही. अंपायरच्या चुकीतून तयार झालेली ती एक नोंद आहे फक्त.

याची दुसरी बाजू बघायची असेल तर ट्रेंटब्रिज २०११ ची भारत-इंग्लंड टेस्ट घ्या, कारण लोक ही दोन प्रकरणं एकाच माळेत ओवतात आणि मला ते चूक वाटतं. चहाच्या आधीचा शेवटचा बॉल, इऑन मॉर्गनने मारला, प्रवीण कुमारने बाउंड्रीजवळ अडवून फेकला, इयन बेल १३७ वर होता, त्याला वाटलं बॉल बाउंड्रीला गेला आणि चहा झाला, तो क्रीज सोडून पॅव्हेलियनकडे चालू लागला, आणि अभिनव मुकुंदने बेल्स उडवल्या. बॉल अजून जिवंत होता, म्हणजे खेळ थांबलेला नव्हता, त्यामुळे नियमाने बेल शंभर टक्के रनआऊट. मग चहाच्या वेळात इंग्लंडचा कॅप्टन अँड्र्यू स्ट्रॉस आणि कोच अँडी फ्लॉवर आपल्या ड्रेसिंगरूममध्ये आले, विनंती केली, आपल्या टीमने आपसात चर्चा केली आणि धोनीने अपील मागे घेतलं. नंतर द्रविडने प्रेससमोर सांगितलं की निर्णय टीमचा एकमताने होता. बेल १५९ वर गेला आणि आपण ती टेस्ट ३१९ रननी हरलो.

हा झाला उदारपणा. बेल आऊट होता, विकेट आपली होती, आणि आपण ती सोडली. म्हणून तिथे टीमला विचारणं बरोबरच होतं आणि विचारलंही गेलं. कोणी म्हणालं असतं की नाही सोडत, बेलने बॉल डेड झालाय का ते बघायला हवं होतं, तर मी त्याला अनैतिक म्हटलं नसतं, फार तर कोरडा म्हटलं असतं. विश्वनाथला विचारायची गरजच नव्हती, कारण विचारणार काय? ‘मला माहितीये तो आऊट नाही, आपण तसं सांगूया का?’ यावर मतदान घेणं जरा विचित्रच आहे. आयसीसीने २०२० मध्ये दशकातला खिलाडूवृत्तीचा पुरस्कार धोनीला दिला तो या ट्रेंटब्रिजच्या निर्णयासाठी. माझी तक्रार नाही, छानच निर्णय होता, पण या दोन प्रकरणांत जास्त अवघड कोणतं असं मला विचाराल तर मी वानखेडेचं म्हणेन. धोनीकडे वीस मिनिटं होती, चहा होता, समोरची टीम दारात येऊन उभी होती आणि मैदानात पब्लिक हुर्यो करत होती. विश्वनाथवर कोणाचाही दबाव नव्हता, असलाच तर उलट्या बाजूचा.

किंमत मोजली का? हो, मोजली

काही चांगल्या मनाचे लोक इथे एक पळवाट काढतात. म्हणतात, आपण हरलो ते १४९ ला गारद झालो म्हणून, टेलरमुळे नाही, त्यामुळे विश्वनाथच्या निर्णयाने तसं काही बिघडलं नाही. अर्धं खरं आहे. पण हिशोब करून बघा. सहावी विकेट शेवटी पडली २२९ वर. टेलर आधीच गेला असता तर बोथमच्या सोबतीला शेपूट, म्हणजे शेवटचे कच्चे बॅट्समन, उरली असती, आणि त्या शेपटाने नंतर बोथमशिवाय जेमतेम पाऊणशेच्या आत भर घातली. इंग्लंडला ५४ च्या लीडऐवजी आपल्याला लीड मिळायची बरीच शक्यता होती, मग १४९ सुद्धा चौथ्या इनिंगमध्ये भारी पडल्या असत्या. मॅच आपण जिंकलीच असती असं मी म्हणत नाही, बोथम त्या आठवड्यात ज्या मूडमध्ये होता ते बघता काहीही झालं असतं. पण किंमत पडली, आणि बऱ्यापैकी मोठी पडली, हे आधी कबूल करायला पाहिजे.

मला तर वाटतं ते कबूल केल्याशिवाय या प्रकरणाला अर्थच नाही. ‘खरं बोला, शेवटी तुमचंच भलं होईल’ ही शाळेच्या फळ्यावरची गोष्ट झाली. इथे खरं बोलून काहीही भलं झालं नाही. घरच्या मैदानावर, बोर्डाच्या पन्नाशीच्या जत्रेत, दहा विकेटने हरलो आणि चार दिवसांत हरलो.

हां, एक मात्र मान्य करतो. ही एकुलती एक टेस्ट होती, सिरीज पणाला लागलेली नव्हती, सोहळ्याचं वातावरण. सिरीज २-२ असताना पाचव्या टेस्टच्या शेवटच्या दिवशी विश्वनाथने असंच केलं असतं का? सिद्ध करता येणार नाही. पण स्वतः बॅटिंग करताना अंपायरची वाट न बघता चालू लागणारा अशीच त्याची ख्याती होती, आणि अशा माणसाने एकाच दिवसापुरता अवतार घेतला असेल असं मला तरी वाटत नाही.

अंपायरचं काय

या निर्णयावरचा एक आक्षेप मला खरंच टोचतो. कॅप्टन अंपायरजवळ जाऊन निर्णय बदलून घेऊ शकतो ही चांगली प्रथा आहे का? आज एकाने चांगल्या कामासाठी केलं, उद्या दुसरा बॅट्समनला आऊट द्यायला लावण्यासाठी अंपायरला घेरेल. त्या काळी क्लोज-इन फील्डरनी अंपायरवर दडपण आणायचे प्रकार सगळ्याच देशांत चालायचे, न्यूट्रल अंपायर नव्हते, घरच्या अंपायरवर संशय ही रोजची गोष्ट.

नियमाने याचं उत्तर बरं दिलंय. आजच्या ३१ व्या नियमात आहे की फील्डिंग टीमचा कॅप्टन अपील मागे घेऊ शकतो, पण अंपायरच्या संमतीने आणि पुढचा बॉल खेळात यायच्या आत. म्हणजे दार उघडं आहे पण एकाच दिशेने. कॅप्टनला स्वतःच्या टीमचा फायदा कमी करायला अंपायरकडे जाता येतं, वाढवायला नाही. कोणी स्वतःच्या तोट्याची साक्ष देतो तेव्हा ती खरी असायची शक्यता जास्त, कोर्टातही असंच बघतात. त्यामुळे विश्वनाथने हनुमंत राव यांचा अधिकार कमी केला असं मला वाटत नाही, त्यांना जी माहिती त्यांच्या जागेवरून मिळू शकत नव्हती ती दिली. आणि निर्णय बदलायचं मोठेपण अंपायरकडेही जातं, भरल्या वानखेडेत वर केलेलं बोट खाली घेणं सोपं नसतं. त्यांच्याबद्दल कोणीच बोलत नाही.

खेळाडूच्या शब्दावर चालायचं ठरवलं की काय होतं याचा उलटा नमुना म्हणजे जानेवारी २००८ ची भारत-ऑस्ट्रेलिया सिडनी टेस्ट. दोन्ही कॅप्टन, कुंबळे आणि पाँटिंग यांनी आधीच ठरवलं होतं की कॅच स्वच्छ घेतला की नाही यावर फील्डरचा शब्द मानायचा. त्याच मॅचमध्ये अँड्र्यू सायमंड्स ३० वर असताना इशांतच्या बॉलवर कड लागून कीपरकडे कॅच गेला, अंपायरने नॉटआऊट दिलं, तो १६२ नॉटआऊट राहिला आणि नंतर स्वतःच म्हणाला की मी आऊट होतो. शेवटच्या दिवशी द्रविडची बॅट पॅडच्या मागे, तरी कॉट बिहाइंड दिला. सौरव गांगुलीच्या कॅचवर अंपायरने पाँटिंगला विचारलं आणि त्याने आऊट असल्याची खूण केली. भारत १२२ रननी हरला, तो शब्दाचा करार तिथेच मेला. लक्षात घ्या, द्रविडच्या वेळी कीपर होता अ‍ॅडम गिलख्रिस्ट, ज्याने २००३ च्या वर्ल्डकप सेमीफायनलला अंपायरने आऊट दिलेलं नसताना स्वतःहून चालत जाऊन जगभर वाहवा मिळवली होती. तो द्रविडच्या वेळी खोटं बोलला असं मी म्हणत नाही, त्याला आवाज आला असेल आणि खरंच वाटलं असेल. पण स्वतः आऊट झाल्यावर जाणं आणि समोरचा आऊट नाही हे आपल्याच टीमच्या तोंडावर सांगणं यात दुसरं किती जड जातं ते यातून दिसतं. पहिल्यात फक्त आपण जातो. दुसऱ्यात दहा जणांच्या जल्लोषात जाऊन सांगावं लागतं, थांबा रे.

आता डीआरएस आहे, मग?

डीआरएस म्हणजे अंपायरचा निर्णय टीव्ही रिप्लेवर तपासून घ्यायची सोय, त्यामुळे टीव्हीवरच्या क्रिकेटपुरता हा प्रश्न बऱ्यापैकी मिटलाय. अल्ट्राएजवर (कड लागल्याचा आवाज रेघेत दाखवणारं तंत्र) रेघ सपाट दिसली की टेलर परत येतो, कोणाच्या सचोटीवर अवलंबून राहावं लागत नाही. आणि त्याचा एक परिणाम असा झालाय की खेळाडूंनी ही जबाबदारी मशीनवर सोडून दिली, आता कॅप्टन काय म्हणतो तर ‘त्यांच्याकडे रिव्ह्यू होते, घ्यायचे’. गोल्फमध्ये उलट आहे, तिथे आजही खेळाडूने स्वतःचा पेनल्टी स्ट्रोक स्वतः सांगायचा असतो. बॉबी जोन्सने १९२५ च्या यूएस ओपनला बॉल किंचित हलल्याचं स्वतःहून सांगून एक स्ट्रोक अंगावर घेतला आणि प्लेऑफमध्ये एका स्ट्रोकने हरला.

पण आझाद मैदानावर कुठलं अल्ट्राएज आलंय. क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क, शाळेच्या मॅचेस, ऑफिसच्या टुर्नामेंट, आणि टेनिस बॉलच्या मॅचला तर बॅटिंग साइडचाच कोणीतरी पॅड काढून अंपायर म्हणून उभा असतो आणि दोन्ही बाजूंना माहीत असतं की हा एलबीडब्ल्यू देणार नाही. मुंबईत जेवढं क्रिकेट खेळलं जातं त्यातलं जवळजवळ सगळं १९८० च्याच परिस्थितीत खेळलं जातं, फर्स्ट स्लिपच्या डोळ्यांवर. आणि तिथे पोरांना शिकवलं काय जातं? बाउंड्रीवरून सर ओरडत असतात, ‘अपील करा रे, आवाज कुठंय तुमचा!’ बॉल पॅडला लागून कीपरकडे गेला तरी पाचही जण हात वर. अंपायर कच्चा आहे हे पहिल्या दोन ओव्हरमध्ये ओळखायचं आणि मग त्याच्यावर बसायचं, याला अनुभव म्हणतात.

खडूसपणाच्या नावाखाली हे खपवलं जातं याचाच मला जास्त राग येतो. खडूस म्हणजे चार तास खेळपट्टीला चिकटून बसणं, सेशन खेळून काढणं, कॅच सुटला तरी डोकं शांत ठेवणं. टेलरने त्या दिवशी ४३ रन ज्या चिकाटीने काढल्या तो खडूसपणा होता, दादरच्या कुठल्याही सरांना आवडला असता. आऊट नसलेला माणूस बाहेर काढून हसणं यात कसला आलाय खडूसपणा, ती रडीच.

एक अडचण मात्र खरी आहे आणि माझ्याकडे तिचं पूर्ण उत्तर नाही. विश्वनाथ स्लिपमध्ये होता आणि कॅप्टनही तोच होता, म्हणून पाहणं आणि ठरवणं एकाच माणसात आलं. अंडर-१४ च्या मॅचमध्ये स्लिपला उभा असतो कोणीतरी नवीन पोरगा, ज्याची जागा पुढच्या मॅचला पक्की नाही, आणि कॅप्टन मिडऑनला. अपील मागे घ्यायचा अधिकार त्या पोराला नियमानेच नाही, तो फक्त कॅप्टनला सांगू शकतो, आणि सांगितलं तर ड्रेसिंगरूममध्ये, म्हणजे झाडाखाली ठेवलेल्या किटबॅगांपाशी, त्याचं काय होईल ते त्याला माहीत असतं. त्याने विश्वनाथसारखं वागावं असं म्हणणं सोपं आहे, पण तो भार त्याच्यावर टाकणं मला बरोबर वाटत नाही. भार कॅप्टनवर आणि त्याच्याही आधी सरांवर. स्लिपमधून कोणी ‘नाही लागली’ म्हणालं तर त्याला झापणार नाही एवढं जरी सरांनी सीझनच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर सांगितलं तरी पोरगा तोंड उघडेल.

आणि टुर्नामेंटवाल्यांनी टॉसच्या वेळी दोन्ही कॅप्टनना ३१ वा नियम वाचून दाखवावा, की अपील मागे घेता येतं, कधीपर्यंत घेता येतं आणि कोणाला विचारून. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि असला काही नियम आहे हेच मैदानावरच्या बऱ्याच कॅप्टनना माहीत नसतं.